स्पर्श कशाला म्हणायचा? प्रथिनांतल्या संपर्कांच्या मोजदादीविषयी

विषय रसायनशास्त्राचा आणि बोलणार तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर, म्हणून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. त्याचं कारण पुढे येईलच. आधी आपण जिथे बसलो आहोत तिथून सुरुवात करू.

सांताक्रूझहून कुर्ल्याला जायचं असेल तर एक रस्ता रेल्वेचा. खार, वांद्रे, माहीम, माटुंगा रोड, दादर. दादरला पूल ओलांडायचा, मध्य रेल्वेची गाडी पकडायची, माटुंगा, शीव आणि मग कुर्ला. म्हणजे रुळांच्या हिशेबाने कुर्ला आपल्यापासून आठवं स्थानक. दुसरा रस्ता कलिन्यावरून. रिक्षात बसलं आणि वाहतुकीने कृपा केली तर दादरचा पूल चढून होईपर्यंत माणूस कुर्ल्यात पोहोचलेला असतो. रुळांवर लांब, जमिनीवर शेजारी. सांताक्रूझच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

प्रथिनाचं असंच असतं. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची एकापुढे एक ओवलेली साखळी म्हणजे प्रथिन. एकमेकांना जोडलं जाताना प्रत्येक आम्लातून पाण्याचा अंश निघून जातो आणि जे उरतं त्याला 'अवशेष' म्हणतात. मराठीत अवशेष म्हटलं की डोळ्यांपुढे पडके किल्ले येतात (हशा), पण शब्द रूढ आहे, तोच वापरू. ही साखळी पेशीत सरळ पसरून राहत नाही, घडी घालून बसते. त्या घडीत साखळीवरचा सातवा अवशेष नव्वदाव्याच्या अगदी जवळ येऊ शकतो. अशा जवळ आलेल्या जोड्या शोधायच्या, मोजायच्या आणि त्यांवरून प्रथिनाची घडी, त्याचं काम, त्याचं बिघडणं समजून घ्यायचं, याला संपर्कांचं विश्लेषण म्हणतात. त्याचा नकाशा काढतात. चौकोनी कागद, आडव्या कडेवर अवशेषांचे क्रमांक, उभ्या कडेवरही तेच. दोन अवशेष जवळ असतील तर त्या घरात ठिपका. कर्णाला लागून ठिपक्यांची दाट पट्टी येते, ती बहुधा बाजूला ठेवतात. सांताक्रूझला खार जवळ आहे यात कसली बातमी? कर्णापासून लांब पडलेला ठिपका, म्हणजे सांताक्रूझ आणि कुर्ला, तिथे खरी माहिती असते.

आता आमचा संबंध. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी या क्षेत्रात काम करते. तिने एकदा असा नकाशा आणून दाखवला. फार सुंदर होता, पैठणीच्या पदरावरच्या बुट्ट्यांसारखा. आम्ही विचारलं, "जवळ म्हणजे किती जवळ?" ती म्हणाली, "आठ अँगस्ट्रॉम." अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. आम्ही म्हटलं, "आठच का?" तिने थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "आजोबा, सगळे आठच घेतात."

या उत्तरावर आम्ही बरेच दिवस विचार करत राहिलो, आणि आजचं बोलणं त्यातूनच निघालेलं आहे. मुलीला दोष द्यायचा नाही, ती तिच्या क्षेत्राची रीत सांगत होती. आमची तक्रार त्या रीतीबद्दल आहे.

आठ हा आकडा कुठून कुठे मोजायचा? प्रचलित पद्धत अशी की प्रत्येक अवशेषाच्या बाजूच्या शाखेतला पहिला कार्बन, ज्याला बीटा कार्बन म्हणतात, तो धरायचा. दोन बीटा कार्बनांतलं अंतर आठच्या आत आलं की संपर्क झाला. ग्लायसिनला ही शाखाच नसते, म्हणून त्याच्यापुरता कण्यावरचा अल्फा कार्बन धरायचा. दुसरे लोक म्हणतात, हायड्रोजन सोडून कुठलेही दोन अणू साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत आले की संपर्क. तिसरे शाखांचे मध्यबिंदू धरतात. एकाच प्रथिनाचे असे तीन नकाशे निघतात, आणि ते सारखे नसतात. दोन अवशेष एकमेकांकडे पाठ करून बसलेले असले तरी पहिल्या पद्धतीत त्यांचा संपर्क लागतो. उलट आर्जिनिनसारखा लांब शेपटीचा अवशेष दूर बसून शेपटीच्या टोकाने समोरच्या ऋणभारित अवशेषाला धरून ठेवतो. तिथे खरी पकड असते, पण बीटा कार्बन आठच्या बाहेर असले तर ठिपका नाही.

आमच्या परंपरेत या प्रश्नावर पुष्कळ डोकेफोड झाली आहे. वैशेषिकांनी संयोग हा गुण मानला, द्रव्य नव्हे, आणि तो एकट्यात राहत नाही, दोघांत मिळून राहतो असं सांगितलं. पुढे ते म्हणतात की संयोग आपल्या आश्रयाला पूर्णपणे व्यापत नाही. त्यांचं नेहमीचं उदाहरण माकडाचं. माकड झाडाच्या फांदीवर बसलं आहे. झाडाला माकडाचा संयोग आहे का? फांदीपाशी आहे, बुंध्यापाशी नाही. एकाच झाडात संयोग आहे आणि संयोगाचा अभावही आहे. आर्जिनिनची शेपटी ही अशी फांदी आहे. बीटा कार्बनापाशी उभं राहून माकड शोधणारा बुंध्याकडे बघून 'माकड नाही' म्हणतो. आणि अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात, ज्याची आथल्यांनी संपादलेली प्रत मुंबई संस्कृत मालिकेत निघाली आणि जी आमच्या पिढीने वापरून वापरून फाडली, संयोगाची ओळख व्यवहारावरून करून दिली आहे: दोन वस्तूंना 'जोडलेल्या' म्हणण्याचा व्यवहार ज्यामुळे होतो तो संयोग. विद्यार्थी असताना आम्हाला ही व्याख्या पळवाट वाटायची. आता वाटतं की ती प्रामाणिक आहे. 'सगळे आठच घेतात' हाही व्यवहारच की! फरक इतकाच की अन्नंभट्टांना ठाऊक होतं, आपण व्यवहाराची गोष्ट करतो आहोत.

(विमान जाऊ दे. सांताक्रूझला बोलायचं तर हे चालायचंच.)

आता आक्षेपाची दुसरी बाजू, आणि इथे आम्हाला गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे. मद्रास विद्यापीठात १९६३ साली त्यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्याबरोबर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. आज जगातला प्रथिनरचनेचा प्रत्येक अभ्यासक 'रामचंद्रन आलेख' वापरतो, तो त्यातला. त्यांची युक्ती अशी. प्रथिनाच्या कण्याला प्रत्येक अवशेषापाशी दोन ठिकाणी पीळ घेता येतो. दोन्ही पिळांचे कोन शून्यापासून ३६० अंशांपर्यंत फिरवून बघायचे आणि प्रत्येक वेळी विचारायचं: कुठले दोन अणू एकमेकांच्या अंगावर येतात का? आले तर ती जोडी बाद. बहुतेक सगळा कागद असा बाद झाला. उरली ती थोडी बेटं, आणि प्रथिनांतली ओळखीची वळणं, अल्फा मळसूत्र आणि बीटा पट्टा, नेमकी त्या बेटांवर सापडली.

हेही संपर्काचंच विश्लेषण आहे, पण उलट्या अंगाने. रामचंद्रन विचारतात की कुठला स्पर्श अशक्य आहे. निषेधाचं विधान पक्कं असतं, कारण एक उदाहरण उलटं सापडलं की ते अडचणीत येतं. आजही एखाद्या नव्या रचनेत अवशेष बाद भागात पडला तर आधी शंका रचनेवर घेतात, रामचंद्रनांवर नाही.

आमच्या मुद्द्याला याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी रेषा एक काढली नाही, दोन काढल्या. दोन कार्बन अणू साधारणपणे ३.२ अँगस्ट्रॉमच्या आत येत नाहीत, पण अगदीच वेळ आली तर ३ पर्यंत येऊ शकतात. दोन हायड्रोजनांना २, आणि टोकाची मर्यादा १.९. सामान्य मर्यादा वेगळी, अंतिम मर्यादा वेगळी, आणि आलेखावर दोन्हींचे प्रदेश वेगवेगळे दाखवलेले. मधल्या पट्ट्यात काय आहे ते वाचणाऱ्याने समजून घ्यावं. हेच रामचंद्रन पुढे जैनांच्या स्याद्वादाकडे वळले आणि 'आहे', 'नाही' यांच्या पलीकडच्या शक्यता गणिती तर्कशास्त्रात बसवण्याचा उद्योग त्यांनी केला. त्यांच्या वैज्ञानिक चाहत्यांना तो उतारवयातला छंद वाटतो. आम्हाला तसं वाटत नाही. दोन रेषा काढणाऱ्या माणसाने स्याद्वादाकडे जावं हे आम्हाला सरळ वाटतं.

त्यानंतर काळ बदलला. रचना भराभर जमू लागल्या आणि निषेधाऐवजी गणना आली. १९८५ साली मियाझावा आणि जेर्निगन यांनी रचनांच्या संग्रहात कुठला अवशेष कुठल्याजवळ किती वेळा सापडतो ते मोजलं. वीस प्रकार, म्हणजे २१० जोड्या. अपेक्षेपेक्षा जास्त वेळा जवळ सापडणाऱ्या जोडीला त्यांनी आकर्षण मानलं आणि त्याचं ऊर्जेत रूपांतर केलं. काम मोठं होतं, उपयोगी ठरलं, आजही वापरात आहे. पण यातली उडी बघा. संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या गाडीत दोन माणसं अंधेरीपर्यंत खांद्याला खांदा लावून रोज उभी असतात, म्हणून त्यांची मैत्री आहे का? दोघेही दाराच्या वाऱ्यासाठी तिथे आलेले असू शकतात. प्रथिनांत तेलकट वृत्तीचे अवशेष पाण्यापासून पळून आत जमतात आणि तिथल्या गर्दीत एकमेकांना लागतात. त्यांचं एकमेकांवर प्रेम असतंच असं नाही, पाणी दोघांनाही नकोसं असतं. थॉमस आणि डिल यांनी १९९६ साली हेच तपासलं. ज्यातल्या ऊर्जा आपणच ठरवलेल्या आहेत अशी साधी कागदी प्रथिनं घेतली, त्यांच्यातले संपर्क मोजून ऊर्जा परत काढल्या, आणि निघालेल्या ऊर्जा मूळच्या ऊर्जांशी नीट जुळल्या नाहीत. जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, पाण्यापासून पळणं सगळ्यांत मिसळतं. आम्हाला हा निबंध तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवावा इतका आवडतो.

गर्दीचा आणखी एक प्रकार आहे. क्ष-किरणांनी रचना काढायची तर प्रथिनाचे स्फटिक करावे लागतात. स्फटिकात रेणू एकमेकांना चिकटवून रचलेले असतात, आणि त्या रचणीतून लागलेले स्पर्श पेशीत असतीलच असं नाही. कुठला स्पर्श घरचा आणि कुठला गाडीतला हे नुसत्या अंतरावरून सांगता येत नाही.

याच क्षेत्राने एका बाबतीत स्वतःची चूक फार देखणेपणाने दुरुस्त केली, तेही सांगायला हवं. एकाच प्रथिनाचे निरनिराळ्या जीवांतले नमुने शेजारी मांडले की काही जागा जोडीने बदलताना दिसतात. इकडे बदल झाला की तिकडेही. यावरून त्या जागा प्रत्यक्षात शेजारी असाव्यात असा तर्क करतात. पण क शेजारी ख, ख शेजारी ग, तर क आणि ग हेही जोडीने बदलताना दिसतात, प्रत्यक्ष स्पर्श नसताना. वैशेषिकांनी याला संयोगज संयोग म्हटलं असतं: हाताचा झाडाला स्पर्श झाला की त्यामुळे शरीराचाही झाडाशी संयोग झाला असं आपण म्हणतो. २००९ साली वाइग्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंच्या संदेशवाहक प्रथिनांवर काम करताना प्रत्यक्ष आणि परंपरेने आलेला संबंध वेगळा काढण्याची सांख्यिकी रीत दाखवली. पुढचं भाकितांचं मोठं काम तिथून वाढलं. २०१८च्या स्पर्धेत आल्फाफोल्डची पहिली आवृत्ती उतरली, तेव्हा तिने 'आठच्या आत की बाहेर' हा प्रश्नच सोडून दिला होता. प्रत्येक जोडीसाठी निरनिराळ्या अंतरांची शक्यता किती, याचा पूर्ण पट ती काढत होती. २०२० साली दुसरी आवृत्ती आली, २०२४ साली हसाबिस आणि जंपर यांना बेकरांबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या यशाची कारणं अनेक आहेत. पण हो-नाहीचा ठिपका सोडल्यावर वाट मोकळी झाली, ही गोष्ट ठिपक्यांचे नकाशे काढणाऱ्यांनी विसरू नये.

मग मर्यादा घालूच नये का? तसं आम्ही म्हणत नाही. पुण्याचं उदाहरण घेऊ. विद्यापीठातल्या जैवमाहितीशास्त्राच्या केंद्रात अशोक कोळसकर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी १९९९ साली जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाची रचना संगणकावर बांधली. तेव्हा त्या प्रथिनाची स्फटिकातून काढलेली रचना नव्हती. आपल्या शरीरातलं प्रतिपिंड विषाणूच्या कुठल्या भागाला धरत असेल, हा त्यांचा प्रश्न. तो भाग साखळीवर सलग असेलच असं नाही, सांताक्रूझ आणि कुर्ला दोन्ही त्यात असू शकतात. २००५ साली त्याच केंद्रातून हे काम करणारी संगणक-सेवा सर्वांसाठी खुली झाली. ती पृष्ठभागावर उघडे पडलेले अवशेष आणि त्यांच्यातल्या अंतराची मर्यादा, यांवर चालते. म्हणजे इथेही रेषा आहेच. पण भाकित झाल्यावर ते खोटं पाडू शकणारा एक तिसरा समोर उभा आहे, प्रतिपिंड. ते त्या जागेला धरतं किंवा धरत नाही. त्याला 'सगळे आठच घेतात' हे सांगून चालत नाही.

आता ज्यासाठी एवढं बोललो त्या गोष्टीकडे येऊ. सिकलसेल. विदर्भात, गडचिरोली-चंद्रपुरात, इकडे नंदुरबारला, आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली याला रेणूचा आजार म्हटलं. इन्ग्रॅम यांनी १९५६ साली बदल एका लहान तुकड्यात आहे हे दाखवलं आणि लवकरच तो एकाच अवशेषावर येऊन ठेपला. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या, दोन अल्फा प्रत्येकी १४१ अवशेषांच्या आणि दोन बीटा प्रत्येकी १४६ च्या. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बस, एवढंच.

सहावी जागा रेणूच्या पृष्ठभागावर आहे, बाहेर पाण्याकडे तोंड करून. एकट्या रेणूचा ठिपक्यांचा नकाशा काढा, निरोगी माणसाचा आणि रुग्णाचा. दोन्ही जवळजवळ सारखे दिसतील. 'या बदलाने आतला कुठलाही महत्त्वाचा संपर्क तुटत नाही' असा शेरा त्या नकाशावरून सहज लिहिता येईल, आणि नकाशापुरता तो खराही असेल. अनर्थ घडतो तो शेजारच्या रेणूशी. व्हॅलिन तेलकट वृत्तीचं. रेणूने प्राणवायू सोडला की शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीत ८५ व्या जागेवरचं फेनिलअॅलॅनिन आणि ८८ व्या जागेवरचं ल्युसिन यांच्यापाशी एक खळगी त्याला मिळते. तिथे ते जाऊन बसतं. रेणूला रेणू लागतो, लांब दोर तयार होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, आणि मुलाचे हातपाय असह्य दुखतात. वॉर्नर लव्ह यांच्या गटाने १९७५ साली स्फटिकात हा स्पर्श पाहिला. प्रत्येक रेणूत अशी व्हॅलिनं दोन असतात, पण या जागी त्यांतलं एकच कामाला येतं.

संयोग दोघांत राहतो, एकट्यात बघितला तर सापडत नाही, हे वैशेषिकांचं म्हणणं इथे अक्षरशः रक्तात उतरलेलं आहे. शिवाय तो नित्य नाही. प्राणवायू धरलेला असताना खळगी मिळत नाही, सोडल्यावर मिळते. म्हणून 'संपर्क आहे का' एवढं विचारून भागत नाही. कोणाचा कोणाशी, कुठल्या अवस्थेत, आणि किती अंतरापर्यंतच्या स्पर्शाला आपण संपर्क म्हणतो आहोत, हे प्रत्येक नकाशाखाली लिहिलेलं असायला हवं. जमलं तर रामचंद्रनांसारख्या दोन रेषा. आज एखाद्या रुग्णाच्या जनुकात नवा बदल सापडला की तो घातक आहे की निरुपद्रवी, हे ठरवताना रचनेचा पुरावाही बघितला जातो. त्या टेबलावर एकट्या रेणूचा, एकाच मर्यादेचा नकाशा आला तर तिथे बसलेल्याने विचारावं, आठच का?

जन्मलेल्या बाळाला पहिले काही महिने सिकलसेलचा त्रास होत नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. बीटामध्ये ८७ व्या जागी थ्रिओनिन, गॅमामध्ये तिथे ग्लुटामिन. म्हणजे त्या खळगीच्या अगदी उंबरठ्यावर वेगळा अवशेष, आणि दोर वळला जाण्यात तो अडथळा आणतो. भारतातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये हे गर्भीय हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त प्रमाणात टिकतं, तरी विदर्भातल्या कित्येकांना आजार तीव्रच होतो. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी देतात ती मुख्यतः हेच प्रमाण वाढवण्यासाठी. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा उपचारही तेच करतो. सहाव्या जागेवरच्या व्हॅलिनला तो हातही लावत नाही. ते तिथेच राहतं, फक्त शेजारी बदलतो.

त्या मुलीने परवा नवा नकाशा पाठवला. या वेळी दोन रेणू शेजारी ठेवून काढलेला, आणि खाली तीन वेगवेगळ्या मर्यादा लिहिलेल्या. तिन्हींत ठिपके वेगळे आहेत. आम्ही तो पडद्यावर लावतो, तुम्ही बघा, आणि मग प्रश्न विचारा.